सोलमधल्या उंची कोरियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलमध्ये गल्लीतल्या साध्या खानावळीत शिरायला कुठलीही तयारी लागत नाही. चॉन्गदाम, हान्नाम किंवा बुकचोन भागातल्या उंची रेस्टॉरंटचं तसं नाही. तिथलं टेबल आठवडेच्या आठवडे आधी धरावं लागतं, पैसेही बऱ्याचदा आधी भरावे लागतात. शिवाय जेवणाची चव ज्यावर उभी असते ती सगळी तयारी तुम्ही दारात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. सोयाबीनचे सॉस वर्षानुवर्षं मुरलेले असतात, रस्सा आदल्या दिवशीच काढलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत "आधी कळवा" हे पुन्हा पुन्हा येईल. या जेवणातल्या निम्म्याहून अधिक अडचणी न कळवल्यामुळेच होतात.

उंची कोरियन रेस्टॉरंट म्हणजे नेमकं काय? सगळीकडे एकसारखंच जेवण असतं का?

नाही, आणि टेबल धरण्याआधी हा फरक कळलेला बरा. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला हानजॉन्गशिक, म्हणजे पूर्ण वाढलेलं पारंपरिक ताट. भात, सूप आणि भोवती छोट्या वाट्यांमधून बरेच पदार्थ. या छोट्या पदार्थांना बांचान म्हणतात. जुन्या रीतीत ताटाचा मान 'छॉप' मोजून ठरायचा: ३, ५, ७, ९ आणि राजासाठी १२. भात, सूप, किमची (मीठ-तिखटात आंबवलेली भाजी) आणि सॉस या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे ७ छॉपच्या ताटात प्रत्यक्षात वाट्या पुष्कळ जास्त दिसतात. जोसॉन राजघराण्याची पाककला याच परंपरेतली. कोरियन सरकारने १९७१ साली तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या हान ही-सुन यांना तिच्या पहिल्या वारसदार म्हणून नेमलं.

दुसरा प्रकार आधुनिक कोर्सचा. एकामागून एक ८ ते १२ लहान पदार्थ येतात. मांडणी आजची, पाया जुना. २००९ मध्ये सुरू झालेलं जॉन्गशिक हे रेस्टॉरंट या वाटेवरचं सुरुवातीचं नाव, तर मिंगल्स या रेस्टॉरंटला २०२५ मध्ये मिशेलिनचे, म्हणजे रेस्टॉरंटना दर्जा देणाऱ्या गाइडचे, तीन तारे मिळाले. तिसरा प्रकार हानउचा, म्हणजे कोरियाच्या देशी गोवंशाच्या गोमांसाचा, जे टेबलावरच निखाऱ्यांवर भाजतात. आणि चौथा बौद्ध मठांच्या जेवणाचा, ज्यात मांस-मासे अजिबात नसतात.

पहिल्यांदाच जात असाल तर आमच्या मते हानजॉन्गशिक किंवा आधुनिक कोर्स दुपारी घ्यावा. स्वयंपाकघर तेच, हात तेच, आणि दाम बरेच कमी.

मिशेलिनच्या ताऱ्यांवर किती विसंबावं?

सोलसाठी मिशेलिन गाइड नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा निघालं. त्यात गाओन आणि शिला हॉटेलच्या २३व्या मजल्यावरचं ला यॉन, या दोन कोरियन रेस्टॉरंटना तीन तारे मिळाले. गाओन आता बंद झालं आहे. दर वर्षी यादी बदलते, आचारी जागा बदलतात, म्हणून जुन्या यादीवरून ठरवू नका. तारे स्वयंपाकाची पातळी सांगतात. तुम्हाला तिथे काय खाता येईल हे सांगत नाहीत. मासे न खाणाऱ्याला तीन ताऱ्यांच्या जागेपेक्षा मठाच्या जेवणात जास्त समाधान मिळेल.

टेबल कसं धरायचं?

बहुतेक रेस्टॉरंट कॅचटेबल या ॲपवरून नोंदणी घेतात. मूळ ॲपला कोरियन फोन नंबर लागतो. परदेशी पाहुण्यांसाठी कॅचटेबल ग्लोबल ही वेगळी आवृत्ती आहे, तिथे परदेशी कार्ड चालतं. काही जागा नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर नोंदणी घेतात, काही फक्त फोनवर. मोठ्या हॉटेलात उतरला असाल तर तिथल्या कॉन्सिएर्ज डेस्कला, म्हणजे पाहुण्यांच्या मदतकक्षाला, सांगा. फोनवरच नोंदणी घेणाऱ्या ठिकाणी हाच रस्ता सगळ्यात भरवशाचा.

नोंदणी कोणत्या तारखेला उघडते हे आधी पाहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेला ठरावीक वेळी पुढच्या महिन्याची सगळी टेबलं एकदम खुली होतात आणि शुक्रवार-शनिवारची रात्र काही मिनिटांत संपते. वेळ कोरियाची असते, ती भारतापेक्षा साडेतीन तासांनी पुढे. तिथे सकाळी १० वाजता खुलं होणार असेल तर भारतात साडेसहा वाजलेले असतील.

नाही मिळालं तर ॲपवर रिकाम्या टेबलाची सूचना लावून ठेवा. अनामत परत मिळण्याची मुदत जेवणाच्या दोन-तीन दिवस आधी संपते, त्यामुळे रद्द होणारी टेबलं नेमकी त्याच सुमाराला सुटतात. मंगळवार ते गुरुवारची दुपार सगळ्यात सोपी. रविवारी किंवा सोमवारी अनेक जागा बंद असतात, आणि सॉल्लाल (चांद्र नववर्ष) व छुसॉक (सुगीचा सण) या दोन सणांच्या दिवसांत तर बरंच काही बंद असतं.

अनामत रक्कम कशाला? ती परत मिळते का?

सहा जणांचं टेबल धरून कोणी आलंच नाही, तर त्या सहा जणांसाठी आणलेले मासे आणि मांस वाया जातं. कोर्सचं जेवण माणशी मोजून तयार होतं, जास्तीचे पाहुणे आयत्या वेळी मिळत नाहीत. म्हणून अनामत. काही ठिकाणी ती बिलातून वजा होते, काही ठिकाणी जेवणाचं पूर्ण बिल घेऊन अनामत कार्डावर परत करतात. परदेशी कार्डावर ती परत यायला बरेच दिवस लागू शकतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी दिसली नाही म्हणून घाबरू नका.

रद्द करण्याचे टप्पे नोंदणीच्या पानावर लिहिलेले असतात. माणसांची संख्या कमी करणं हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी अंशतः रद्द करणंच धरतात. चार जणांचे तीन झाले तर लगेच कळवा.

खर्च साधारण किती येतो?

आधुनिक कोर्सच्या नामांकित जागी दुपारचं जेवण माणशी साधारण १ ते २ लाख वॉन, रात्रीचं २ ते ४ लाख वॉन धरा. सोबत पेयांची जोडी, म्हणजे पदार्थांना साजेशी पेयं, घेतली तर त्यावर आणखी लाखभर किंवा जास्त. हानजॉन्गशिक यापेक्षा स्वस्तात सुरू होतं. हानउचं बिल मात्र वजनावर चढतं, त्याबद्दल पुढे.

मेनूवरचा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. काही ठिकाणी शेवटची तीन शून्यं छापतच नाहीत, म्हणजे "२८०" म्हणजे २ लाख ८० हजार वॉन. कोरियन लोक मोठी रक्कम 'मान'मध्ये मोजतात, एक मान म्हणजे १० हजार. कोणी "इशिप-ओमान" म्हणालं तर ते पंचवीस मान, म्हणजे अडीच लाख वॉन.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

कोरियन स्वयंपाकात भाजी दिसते तितकी भाजी नसते. पालक, कोंब, मुळा, मशरूम यांच्या वाट्या समोर येतात आणि मांस कुठेच दिसत नाही. पण सूप वाळवलेल्या लहान माशांच्या आणि समुद्री शेवाळाच्या रश्शावर उभं असतं. किमचीत खारवलेली बारीक कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो. भाजीवर शिंपडलेल्या सॉसमध्येही तोच. द्वेनजांग, म्हणजे सोयाबीनची मुरवलेली पेस्ट, स्वतः शाकाहारी आहे. तिचं सूप बहुतेक वेळा नाही.

आता "टेबलावर बसल्यावर सांगितलं तर चालेल ना?" याचं उत्तर. चालत नाही, आणि त्यामागे आडमुठेपणा नसतो. रस्सा त्या दिवशीच्या सगळ्या पाहुण्यांसाठी एकाच पातेल्यात काढलेला असतो आणि कोर्समधल्या पाच-सहा पदार्थांत तोच जातो. किमची कित्येक आठवड्यांपूर्वी घातलेली असते. आयत्या वेळी आचारी फक्त मांसाचा तुकडा काढून घेऊ शकतो, चवीतला मासा काढू शकत नाही.

म्हणून नोंदणी करतानाच विचारा की शाकाहारी कोर्स मिळतो का, आणि जेवणाच्या किमान तीन दिवस आधी पुन्हा खात्री करा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. या शब्दाचा अर्थ तिथे अनेकदा "मांस नको, मासे चालतील" असा घेतला जातो. नकोत ते पदार्थ एकेक नाव घेऊन लिहा. कोरियनमध्ये असं सांगता येईल: "गोगी, सेंगसॉन, हेमुरुल आन मॉगॉयो. म्यॉल्ची युक्सुरांग एकजॉत्तो आन द्वेयो." म्हणजे मांस, मासे, समुद्री जीव खात नाही; सुक्या माशांचा रस्सा आणि माशांचा सॉसही चालत नाही. अंडी आणि दूध चालतं की नाही तेही लिहा, कारण 'बिगॉन' (व्हीगन) म्हटलं की दोन्ही वगळलं जातं.

काही रेस्टॉरंट सरळ सांगतात की जमणार नाही. त्यांचा राग मानू नका. ज्यांनी "हो" म्हणून बशीत चार कोशिंबिरी वाढल्या, त्यांच्यापेक्षा हे प्रामाणिक.

ज्यांना शंकाच नको त्यांनी मठाचं जेवण निवडावं. जोग्येसा मंदिरासमोरचं बालू गोंगयांग हे कोरियातल्या सगळ्यात मोठ्या बौद्ध पंथाने, जोग्ये पंथाने, चालवलेलं रेस्टॉरंट. तिथल्या किमचीतही मासा नसतो.

कांदा-लसूणही खात नाही. मग?

मठाचं जेवण त्याबाबतीतही अगदी योग्य. बौद्ध भिक्षू 'ओशिनछे', म्हणजे पाच उग्र वनस्पती, वर्ज्य मानतात: लसूण, पातीचा कांदा, बुछू नावाची लसणीच्या चवीची पात, दाल्ले नावाचा रानकांदा आणि पाचवी हुंगो, म्हणजे हिंग. हिंग कोरियात उगवत नाही आणि स्वयंपाकातही नसतो, तरी यादीत तो ग्रंथांतून आलेला आहे. इतर कुठल्याही कोरियन स्वयंपाकघरात लसूण टाळणं जवळपास अशक्य आहे. तिथे आग्रह धरू नये.

गोमांस किंवा डुकराचं मांस चालत नाही, बाकी सगळं चालतं.

हे सोपं आहे, फक्त आधी कळवा. आधुनिक कोर्समध्ये मुख्य पदार्थ बहुतेक वेळा हानउ असतो. दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर बदक, कोंबडी किंवा मासा देतात. गोमांसाला 'सोगोगी' म्हणतात, डुकराच्या मांसाला 'द्वेजीगोगी'. मांसाच्या तुकड्यासोबत रश्शाचाही उल्लेख करा: शेवाळाचं सूप, तांदळाच्या चकत्यांचं सूप, थंड शेवयांचा रस्सा, हे सगळे बऱ्याचदा गोमांसाच्या रश्शात असतात. मांस मुरवताना तांदळाची दारू घालण्याची पद्धत आहे. दारूचा अंशही नको असेल तर तेही लिहा.

ॲलर्जी असेल तर काय सांभाळायचं?

तीळ आणि तिळाचं तेल जवळपास सगळीकडे असतं, बहुतेक भाज्यांना शेवटचा हात त्याचाच. त्याखालोखाल सोयाबीन. चिलगोजे गोड पदार्थांवर आणि पेयांत तरंगतात. बकव्हीट (कुट्टू) शेवयांत असतो. कवचाच्या प्राण्यांची ॲलर्जी असेल तर किमचीतली कोळंबी विसरू नका.

गव्हाचा मामला फसवा आहे. पारंपरिक गानजांग, म्हणजे सोया सॉस, फक्त सोयाबीन, मीठ आणि पाण्याचा. पण कारखान्यात आंबवलेल्या नेहमीच्या सॉसमध्ये गहू असतो, आणि गोचुजांगमध्येही, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या पेस्टमध्येही, गहू किंवा जव असू शकतो. स्वतःचे सॉस मुरवणाऱ्या रेस्टॉरंटला याचं नेमकं उत्तर देता येतं. खरं तर चांगल्या जागेची ही एक खूणच समजा: सॉस कुठला, किती वर्षांचा, हे विचारलं की वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो. सोयाबीनचे लाडू वाळवून, टांगून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने ठेवण्याच्या या कलेची युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी वारशात नोंद केली.

कच्चं काही वाढतात का?

हो, आणि न विचारता. युखवे म्हणजे कच्च्या गोमांसाचे बारीक काप, वर अंड्याचा पिवळा बलक. ह्वे म्हणजे कच्चा मासा. गानजांग-गेजांग म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेला कच्चा खेकडा. गर्भवती स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तिन्ही टाळावेत. सांगितलं की शिजवलेला पर्याय येतो.

ज्यांना खायचाय त्यांच्यासाठी: खेकड्याचे पाय चावून आतला गर ओढून घ्यायचा असतो, इथे हात वापरलेले चालतात. मग पाठीच्या कवचात दोन चमचे गरम भात घालायचा, आतल्या केशरी अंड्यांत आणि सॉसमध्ये कालवायचा आणि तो भात खायचा. कोरियन लोक या पदार्थाला 'बाप-दोदुक' म्हणतात, भातचोर; किती भात संपला ते कळतही नाही.

पदार्थ कोणत्या क्रमाने येतात?

आधुनिक कोर्समध्ये सुरुवातीला एका घासाचे दोन-तीन पदार्थ, मग पातळ लापशी (जूक), थंड पदार्थ, समुद्री पदार्थ, कधी जॉन म्हणजे अंड्या-पिठात बुडवून परतलेले काप, मग मासा, मग मांस. इथे बरेच जण समजतात की जेवण संपलं. संपलेलं नसतं. यानंतर 'शिक्सा' येतं, शब्दशः 'जेवण': भात, सूप, किमची आणि दोन-चार बांचान. आधीचं सगळं कितीही सुंदर असो, कोरियन माणसाच्या लेखी भाताशिवाय जेवण झालंच नाही. काही ठिकाणी भाताऐवजी शेवयांचा पर्याय देतात; पहिल्यांदा जाणाऱ्याने भातच घ्यावा. आणि त्यासाठी पोटात जागा ठेवावी, मधल्या पदार्थांत पोट भरून घेऊ नये.

शेवटी गोड, चहा आणि छोटी मिठाई. मिंगल्सचं गोड प्रसिद्ध आहे ते याच कारणाने की त्यात द्वेनजांग, गानजांग आणि गोचुजांग हे तिन्ही सॉस गोडात उतरवले आहेत.

भात झाकणाच्या भांड्यात आला. आता काय?

हा सोतबाप, एकेका माणसासाठी किंवा टेबलासाठी वेगळा शिजवलेला भात. वर मशरूम, मासा किंवा ऋतूतल्या भाज्या असतात. साधारण असं करतात:

झाकण उघडल्यावर आधी वास घ्या आणि वरची मांडणी पाहा, वाढणारे त्यासाठीच थांबतात. मग ते लाकडी चमच्याने भात खालून वर हलकेच मोकळा करतात आणि तुमच्या वाटीत काढतात. तळाला चिकटलेला सोनेरी थर ते मुद्दाम सोडतात. त्याला नुरुंजी म्हणतात. भांडं गरम असतानाच त्यात गरम पाणी किंवा जवाचा चहा ओततात आणि झाकण ठेवतात. तुमचा वाटीतला भात संपेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, खरपूस थर सुटून मऊ होतो आणि पाण्याला भाजलेल्या तांदळाचा वास लागतो. हे सुंगन्युंग. चमच्याने थर खायचा, पाणी प्यायचं.

काय चुकतं? लोक तो थर करपलेला समजून भांडं परत पाठवतात, किंवा पाणी लगेच ओतायला सांगून लगेच पितात, तेव्हा ते नुसतं कोमट पाणी असतं. आणि भांड्याला हात लावू नका. दगडी किंवा बिडाचं भांडं वीस मिनिटांनंतरही चटका देतं.

धातूच्या चॉपस्टिक्स हातातून निसटतात. काही उपाय?

कोरियन चॉपस्टिक्स स्टीलच्या किंवा उंची ठिकाणी पितळ-काशाच्या, आणि चपट्या असतात. जड आणि गुळगुळीत असल्यामुळे लाकडी काड्यांची सवय इथे कामाची नाही. त्या जरा खाली, मध्याजवळ धरा. फार वर धरलं की टोकं हलतात. खालची काडी अनामिकेवर पक्की टेकवून स्थिर ठेवा, हलवायची ती फक्त वरची. दोन्ही टोकं टेबलावर टेकवून बरोबरीत आणा, कारण एक-दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो पदार्थ सुटायला. मुगाच्या पिठाचा थरथरता मूक उचलताना दाबू नका, खालून उचला किंवा सरळ चमचा घ्या.

मुळात कोरियात चमच्याला मान मोठा. भात आणि सूप चमच्याने, बांचान चॉपस्टिक्सने. दोन्ही एकाच वेळी हातात धरत नाहीत. वाटी उचलून तोंडाला लावत नाहीत, ती टेबलावरच राहते. चमचा किंवा काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. तसा भात पितरांना ठेवतात. काटा-चमचा मागितला तर मिळतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

नऊ कप्प्यांचं ताट समोर आलंय. कसं खायचं?

हे गुजॉलपान, राजघराण्यातला पदार्थ. भोवतीच्या आठ कप्प्यांत बारीक चिरलेल्या भाज्या, मशरूम, मांस, अंड्याच्या पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या, मधल्या कप्प्यात तळहाताहून लहान, पातळ गव्हाच्या पोळ्या. एक पोळी बशीत घ्या, प्रत्येक कप्प्यातून दोन-चार पट्ट्याच ठेवा, मोहरीच्या सॉसचा ठिपका लावा, गुंडाळी करून एका घासात खा. चूक एकच होते: भरमसाट भरायचं. पोळी फाटते आणि आठही चवी एकमेकींत हरवतात.

बांचान पुन्हा मागता येतात का?

हानजॉन्गशिकमध्ये आणि हानउच्या ठिकाणी किमचीसारखे साधे बांचान पुन्हा मागितले तर देतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. मासा, मांस, खेकडा पुन्हा मिळत नाही. कोर्सच्या जेवणात मागू नये. शिक्साच्या वेळी भात थोडा जास्त हवा असेल तर मात्र जरूर सांगा.

हानउच्या ठिकाणी काय मागवावं?

हानउची प्रत १++, १+, १, २, ३ अशी लावतात. १++ मध्येही चरबीच्या जाळीचे अंक असतात, ७, ८ आणि ९. उंची ठिकाणी "१++ (९)" असं लिहिलेलं दिसेल. आकडा वाढतो म्हणजे चरबी वाढते. सगळ्यांनाच ते आवडतं असं नाही: ९ अंकाचं मांस चार-पाच तुकड्यांनंतर जड वाटतं. तिघांनी जायचं असेल तर आधी आनशिम (कमरेचा मऊ भाग), मग एखादा चरबीदार भाग आणि शेवटी सॉसमध्ये मुरवलेली गाल्बी (बरगडीचं मांस), हा क्रम चांगला. मुरवलेलं मांस आधी भाजलं तर साखर जाळीला चिकटून करपते आणि पुढच्या तुकड्यांना कडू वास लागतो.

दर 'एक इनबुन'चा, म्हणजे एका माणसाच्या वाढपाचा असतो, आणि ते वजन १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास असतं. मेनूवर ग्रॅम लिहिलेले असतात, ते वाचूनच मागवा. सुरुवातीला किमान दोन इनबुन घ्यावे लागतात. मांस कुठल्या देशाचं हे लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि हानउच्या प्रत्येक जनावराला १२ अंकी क्रमांक असतो.

भाजण्याचं काम वाढणाऱ्यांवर सोडा. चिमटा हातात घेऊन मदत करू नका. जाळी कधी बदलायची, निखारा कुठे तेज आहे, हे त्यांना माहीत असतं. तुमचा तुकडा बशीत आला की पहिला नुसत्या मिठाबरोबर खा, लेट्यूससारख्या पानात गुंडाळून खाणं नंतर. पानाची गुंडाळी एका घासात मावेल एवढीच करा, चावून अर्धी खाली ठेवायची नसते. कोट वासापासून वाचवायला पिशवी किंवा कपाट देतात.

सोबत काय प्यावं?

माकगॉली ही तांदळाची गढूळ दारू (साधारण ६ ते ८ टक्के अल्कोहोल) सुरुवातीला हलकी जाते. याक्जू ही गाळलेली तांदळाची दारू मासे आणि भाज्यांबरोबर. पारंपरिक पद्धतीने ऊर्ध्वपातन केलेली सोजू, कोरियाची कडक दारू, वेगळीच चीज आहे: आंदोंग सोजूची मूळ तीव्रता ४५ टक्के, मुनबेजू ४० टक्के. हिरव्या बाटलीतल्या स्वस्त सोजूच्या अंदाजाने ती पिऊ नका.

वडीलधाऱ्यांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात वापरा, पिताना तोंड किंचित बाजूला वळवा. आपला पेला आपण भरत नाहीत, शेजारच्याचा भरायचा, तोही पूर्ण रिकामा झाल्यावर. दारूसाठी वय १९. ज्या वर्षी १९ पूर्ण होणार त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून चालतं. पासपोर्ट सोबत असू द्या. स्वतःची बाटली न्यायची असेल तर 'कोल्किजी' म्हणजे ती उघडण्याचं शुल्क किती ते आधी विचारा. न पिणाऱ्यांसाठी चहाची जोडी बऱ्याच ठिकाणी मिळते आणि ती खरोखर चांगली असते.

कपडे, बूट, बसायची जागा?

नीटनेटके कपडे पुरतात. अर्धी चड्डी आणि चपला नकोत. जुन्या हानोक घरातल्या रेस्टॉरंटमध्ये बूट काढून जमिनीवर बसावं लागू शकतं, म्हणून मोजे धड घाला. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची खोली आधी मागा. दारापासून सगळ्यात लांबची जागा वडीलधाऱ्यांची, आणि त्यांनी चमचा उचलल्यावर इतरांनी सुरुवात करायची. तीव्र अत्तर टाळा, या जेवणातले वास फार हलके असतात.

मुलांना नेता येतं का?

सगळीकडे नाही. काही ठिकाणी वयाची अट असते, काही फक्त खाजगी खोलीत परवानगी देतात, काही मुलांसाठीही पूर्ण कोर्स घ्यायला लावतात. मुलाचं वय नोंदणीतच लिहा.

उशीर झाला तर?

फोन करा. पंधरा-वीस मिनिटं न कळवता उशीर झाला तर टेबल सोडलं असं धरतात आणि अनामत जाते. उशिरा पोहोचल्यावर सुरुवातीचे पदार्थ घाईने येतात, कारण दुपारी साधारण ३ वाजता स्वयंपाकघर थांबतं. पत्ता कोरियन लिपीतच जपून ठेवा आणि नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅपवर शोधा. सोलच्या गंगनाम भागात अशी रेस्टॉरंट अनेकदा इमारतीच्या तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असतात आणि पाटी छोटी असते. दहा मिनिटं शोधण्यासाठी धरूनच निघा.

बिल आणि टिप?

टिप देत नाहीत. टेबलावर पैसे ठेवून गेलात तर वाढणारे मागे धावत येऊन परत देतील. २०१३ पासून मेनूवर १० टक्के कर आणि सेवाशुल्क धरूनच अंतिम किंमत लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे छापलेला आकडा तोच भरायचा. सहसा एकजण पूर्ण बिल भरतो. वाटून भरायचं असेल तर बिल मागतानाच सांगा. कार्ड यंत्राने वॉन की रुपये असं विचारलं तर वॉन निवडा, रुपयांत यंत्राचा दर महाग पडतो. खरेदीवरचा कर पर्यटकांना विमानतळावर परत मिळतो, तसा जेवणावरचा मिळत नाही.